रकाना क्रमांक नऊ

सिंगापूरमधल्या क्वीन्सटाउनच्या आमच्या फ्लॅटमध्ये एक लोखंडी कपाट आहे आणि त्यात माझ्या पत्रव्यवहाराच्या फायली आहेत. आमच्या ब्लॉकची लिफ्ट पहिल्या, सहाव्या आणि अकराव्या मजल्यावर थांबते, आम्ही राहतो त्या चौथ्यावर थांबत नाही. त्याबद्दलच्या पत्रांची एक फाइल. बसथांब्याचे छप्पर नेमके ज्या बाजूने पाऊस येतो त्या बाजूला आखूड आहे, त्याची दुसरी. पोस्टाच्या काउंटरवरची चिनी बाई मला दारात पाहिले, की रजिस्टर्डचे लेबल काढून ठेवायची. "अंकल, अगेन फायटिंग आह?" असे विचारायची. "नॉट फायटिंग, मॅडम. रिमाइंडिंग," असे मी सांगत असे.

चिडणे हा माझा स्वभाव आहे आणि त्याबद्दल मला आजवर कधी संकोच वाटलेला नाही. माणूस जोवर कागदावर चिडतो आहे तोवर त्याच्यापासून कोणाला इजा होत नाही, असे मी धरून चाललो होतो. कपाटातली एक हिरवी फाइल हे गृहीतक खोटे ठरवते. ती मी आज मुद्दाम उघडली आहे.

मी पुण्यात कायद्याची पदवी घेतली, पण कोर्टात उभा राहिलो नाही. सिंगापुरात एका विमा कंपनीच्या दावे विभागात माझी नोकरी झाली. अर्ज तपासणे, त्यातली त्रुटी शोधणे आणि तो परत पाठवणे हे माझे काम होते, आणि ते मी चोख करत होतो. निवृत्तीनंतर त्रुटी शोधायला घरापलीकडे काही उरले नाही, तेव्हा सौभाग्यवतींनी मला सहाव्या मजल्यावर नेले. तिथे, म्हणजे जिथे लिफ्ट थांबते तिथे, एक निवृत्त तमिळ मुख्याध्यापिका राहत. त्यांचे आजोळ श्रीलंकेच्या उत्तरेकडचे. या शतकाच्या सुरुवातीला तिकडे युद्धविराम झाला, आणि वर्षानुवर्षे छावण्यांत काढलेली माणसे आपापल्या गावी परतू लागली. खाचरांतले सुरुंग काढले गेले होते, पण बांध फुटलेले, विहिरी बुजलेल्या, आणि घरचे बियाणे केव्हाच खाऊन संपलेले.

"खायला तांदूळ सगळे देतात," मुख्याध्यापिका म्हणाल्या. "पेरायला कोणी काही देत नाही. पेरल्याशिवाय माणूस घरी आला असं होत नाही, सर."

हे मला पटले. आमच्यासारखे आठ-दहा निवृत्त लोक ब्लॉकच्या तळमजल्यावरच्या खोलीत महिन्यातून दोनदा जमत. त्यांच्या आजोळच्या त्या एका गावासाठी तिकडच्याच बाजारात भाताचे बियाणे आणि कुदळी घेतल्या जात, आणि गावातल्या शाळेचे मास्तर त्यांचे वाटप करत. काम साधे आणि सरळ होते. ते साधे राहिले नाही, त्याचे कारण मी.

पहिल्या हंगामात एक तंटा झाला. एका माणसाने भावाच्या खाचरासाठी बियाणे नेले आणि पेरले. तोच भाऊ महिन्याभराने भारतातल्या छावणीतून परत आला आणि दोघांत काठ्या चालल्या. एकाचे डोके फुटले. बैठकीत सगळे हळहळले. मी मात्र संतापलो. जमीन कोणाची हे न विचारता बियाणे वाटणे म्हणजे औदार्य नव्हे, हा निष्काळजीपणा आहे, असे मी टेबलावर हात आपटून सांगितले. पुढच्या हंगामासाठी रीतसर अर्ज हवा. तो मी तयार करीन.

आणि मी तो तयार केला. बारा रकान्यांचा. नववा रकाना असा होता: 'जमीनधारक हयात की मयत? (एकच शब्द लिहावा.) हयात असल्यास त्याची सही, मयत असल्यास कुटुंबाचे तसे लेखी निवेदन.' हे वाक्य मला रचावे लागले नाही. वीस वर्षे ते माझ्या डोळ्यांसमोरून रोज गेले होते. विम्याच्या दाव्याच्या अर्जावरून, 'विमाधारक'ऐवजी 'जमीनधारक' एवढा बदल करून, मी ते उचलले. शिवाय खाली एक सूचना घातली: प्रत्येक अर्ज शाळेत सर्वांसमक्ष मोठ्याने वाचून दाखवावा, म्हणजे कोणाची हरकत असल्यास तिथेच कळेल. मुख्याध्यापिकांनी अर्जाचे तमिळ केले. नवव्या रकान्यापाशी त्यांची लेखणी थांबली होती, हे मी पाहिले.

"इथे तिसरं काही लिहायला जागा नको का, सर?"

"तिसरं काही नसतं," मी म्हणालो.

हे मी म्हणालो, हे मला इथे नोंदवायचे आहे. कारण तिसरे काही असते, हे त्या खोलीत माझ्याइतके दुसऱ्या कोणालाच ठाऊक नव्हते. सात वर्षे ज्याची काही खबर नाही त्याला कायदा मृत धरतो. तोपर्यंत तो ना हयात, ना मयत. जहाजावरून नाहीशा झालेल्या एका खलाशाची बायको याच नियमापायी सहा वर्षे माझ्या टेबलासमोर येऊन बसत होती. मी तिला दर खेपेस पाणी विचारत होतो आणि दर खेपेस परत पाठवत होतो.

तिकडचा पेरा आपल्या दिवाळीच्या सुमाराला होतो. पाऊस लागला, की पहिल्या पंधरवड्यात बी फेकून मोकळे व्हायचे. खाचरात पाणी तुंबल्यावर फेकलेले बी कुजते. त्या वर्षी छत्तीस घरांचे अर्ज आले. पस्तीस घरांना बियाणे मिळाले. छत्तिसाव्या अर्जाचा नववा रकाना कोरा होता.

अर्ज एका बाईचा होता. नवऱ्याच्या नावावरचे छोटे खाचर, घरात ती आणि तिची सासू. नवऱ्याला चार वर्षांपूर्वी रस्त्यावरच्या एका तपासणीनाक्यावरून नेले होते. कोणी नेले, कुठे नेले, याचा पत्ता नव्हता. मी अर्जावर लाल शाईने 'अपूर्ण' असे लिहून तो परत पाठवला.

गावात फोन नव्हता. मास्तर बुधवारी आणि शनिवारी सायकलने तालुक्याच्या गावी जात आणि तिथल्या दुकानात आलेला फॅक्स घेत, आपला पाठवत. पुढल्या फॅक्सबरोबर तो अर्ज पुन्हा आला. नवव्या रकान्यात आता दोन तमिळ शब्द होते.

"काय लिहिलंय?" मी विचारले.

"घरी नाही," मुख्याध्यापिकांनी वाचले.

"हे काय उत्तर झालं? मी तो घरी आहे का, असं विचारलेलंच नाही!"

"तिनं जे खरं आहे ते लिहिलंय."

मी मास्तरांना दोन पानी पत्र लिहिले. अर्जदाराला नियम समजावून सांगणे हे वाटप करणाऱ्याचे कर्तव्य आहे. एकासाठी नियम वाकवला, तर उरलेल्या पस्तिसांनी तो का पाळला, याचे उत्तर आपण काय देणार. डोके फुटल्यावर हळहळण्यापेक्षा आधी कठोर झालेले बरे. पत्र उत्तम होते. आजही वाचले, तर त्यात एक वाक्य सैल सापडत नाही. उत्तरादाखल मास्तरांचा एका ओळीचा फॅक्स आला: "पाऊस सुरू झाला आहे. बाकीच्यांचं पेरून झालं. तिचं पोतं माझ्याकडे आहे, काय करू?"

दिवाळीच्या आदल्या संध्याकाळी मुख्याध्यापिका आमच्याकडे फराळाला आल्या. त्यांनी चकलीचा तुकडा मोडला आणि तसाच बशीत ठेवला.

"सर, उद्या सुट्टी. परवा बुधवार. मास्तर परवा दुपारी फॅक्स घेतील. परवा सकाळी एक ओळ पाठवा: तिला पोतं द्या."

"एक ओळ पाठवणं सोपं आहे हो. उद्या दुसरी येईल, परवा तिसरी. मग अर्ज कशाला?"

"मी पण तेच विचारते. कशाला?"

तेवढ्यात सौ. आतून चहा घेऊन आली. तिचे माहेर भोरकडचे, भातखाचरांचे. माझ्या अर्जांत आणि पत्रांत ती कधी पडत नाही. तिने कप ठेवले आणि उभ्याउभ्याच म्हणाली, "अहो, तुम्ही त्या बाईला काय करायला सांगताय, कळतंय का तुम्हाला?"

"एक शब्द लिहायला."

"कुंकू पुसायला सांगताय. आणि तेही चारचौघांत, शाळेत, मोठ्यानं वाचून. एका पोत्यासाठी."

मला राग आला. "नियम मी काही तिला डोळ्यांसमोर ठेवून केलेला नाही," असे मी म्हणालो.

"तिला डोळ्यांसमोर ठेवलं असतंत तर केलाच नसतात," सौ. म्हणाली आणि मुख्याध्यापिकांच्या बशीत आणखी एक चकली वाढली.

मी हरलो होतो, आणि त्याच वेळी मला ते कळलेही होते. इथपर्यंतची चूक कदाचित कोणीही केली असती. पुढची फक्त मी करू शकत होतो.

दिवाळीचा सबंध दिवस मी मसुदा करत बसलो. "तिला पोतं द्या" एवढे लिहायला अर्धे मिनिट लागले असते. पण मग माझे दोन पानी पत्र खोटे ठरले असते. म्हणून मी असा मजकूर शोधत होतो, की ज्यात सवलत मिळेल आणि नियमही उभा राहील. 'प्रस्तुत प्रकरणाची विशेष परिस्थिती विचारात घेऊन, तथापि हा पूर्वोदाहरण म्हणून गणला जाऊ नये या अटीवर...' हे वाक्य मी किती वेळा लिहिले आणि किती वेळा फिरवले! लेकाचा टॅम्पिनीसहून फोन आला, "बाबा, जेवायला येताय ना? मुलं वाट बघतायत." मी कामात आहे, असे सांगितले. बुधवारी सकाळी मसुदा तयार होता. पण 'तथापि' आणि 'मात्र' यांत माझा निर्णय होत नव्हता. फॅक्स मी गुरुवारी सकाळी पाठवला. मास्तरांच्या हातात तो शनिवारी पडला.

शुक्रवारी त्या बाईने शाळेत जाऊन नववा रकाना भरला होता. दोन शब्द खोडून तिने तिथे एक शब्द लिहिला: 'मयत'. आपल्या हाताने, कारण ती शिकलेली होती. माझ्या सूचनेनुसार मास्तरांनी तो अर्ज जमलेल्या लोकांपुढे मोठ्याने वाचला. मग तिने पोते डोक्यावर घेतले आणि गेली.

माझा फॅक्स आणि तिचा अर्ज वाटेत एकमेकांना ओलांडून गेले. शनिवारच्या फॅक्सवर मास्तरांनी खाली लिहिले होते: "आपले पत्र पोचले. आता गरज नाही."

मुख्याध्यापिकांनी तो कागद मला दिला. त्यांनी दोष दिला असता, तर मला प्रत्युत्तर करता आले असते.

पीक निघाले, तेव्हा मी त्यांच्याबरोबर गेलो. कोलंबोहून व्हॅनने जवळजवळ सबंध दिवस लागला. माझ्या बॅगेत त्या बाईसाठी नवा कोरा अर्ज होता, नववा रकाना नसलेला. जुना फाडून टाकायचा आणि नव्यावर तिची सही घ्यायची, अशी माझी योजना होती. प्रकरण कागदावर झाले होते, तेव्हा ते कागदावर मिटेल असा माझा हिशेब होता.

गावाबाहेर खाचरांतून भात कापून झाले होते. मास्तर, ज्यांना मी पत्रांत तीनदा 'बेजबाबदार' म्हटले होते, ते विशी-पंचविशीचे, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेले गृहस्थ निघाले. त्यांनी मला नमस्कार केला आणि शहाळे फोडून दिले. मग त्यांनी बांधावरून तिचे खाचर दाखवले. वरच्या अर्ध्यात धसकटे होती. खालचा अर्धा भाग नुसता चिखल वाळून भेगाळलेला.

"तिथे काय झालं?" मी विचारले.

"पाणी भरल्यावर फेकलं ना. कुजलं." त्यांनी ते तक्रारीच्या सुरात सांगितले नाही. तसे सांगितले असते, तर बरे झाले असते.

ती बाई घरापुढे भात उन्हात पसरत होती. तिशीची असावी. कपाळ मोकळे होते. ओट्यावर तिची सासू बसली होती, डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेली, हातात सूप. मुख्याध्यापिका दोघींशी बराच वेळ बोलल्या, आणि मग त्यांनी मला बाजूला घेऊन जे सांगितले ते असे. त्या शुक्रवारपासून सासूने आपली चूल वेगळी मांडली आहे. एकाच ओट्यावर दोन चुली. 'एका पोत्यासाठी माझ्या मुलाला मारलंस' एवढे एक वाक्य ती सुनेशी बोलली, त्यानंतर काही नाही. आणि कपाळाचे कुंकू सुनेने स्वतःहून पुसले नव्हते. शाळेत कागद वाचून झाल्यावर दुसऱ्या दिवशी विहिरीवर कोणा बाईने तिला हटकले होते: "कागदावर एक आणि कपाळावर एक, हे कसं?"

मी बॅगेतून नवा अर्ज काढला. माझी योजना समजावून सांगितली. मुख्याध्यापिकांनी तमिळमधून ती सांगितली. बाईने हात पुसले, नवा कागद पाहिला आणि परत दिला.

"नको म्हणते," मुख्याध्यापिका म्हणाल्या. "गावानं हा कागद ऐकलेला नाही. तिला जुना हवाय."

जुना मूळ अर्ज मास्तरांच्या शाळेतल्या पेटीत होता. त्यांनी तो जाऊन आणला. नवव्या रकान्यात आधी खोडलेले दोन शब्द होते आणि त्यांच्यापुढे एक. बाईने मास्तरांच्या खिशातले बॉलपेन घेतले. तिने मला एक प्रश्न विचारला, आणि इतक्या महिन्यांत तिने मला थेट विचारलेला तो एकच प्रश्न: हे कसं खोडायचं?

हे मला येत होते. आयुष्यभर मी दुसऱ्यांना हेच शिकवले होते. शाई पुसायची नाही, गिरवून काळे करायचे नाही. मधून एकच सरळ रेघ मारायची, खालचे अक्षर वाचता आले पाहिजे, आणि दुरुस्ती शेजारी लिहायची. मी बोटाने हवेत रेघ काढून दाखवली. तिने ती मारली, आणि शेजारी पुन्हा तेच दोन शब्द लिहिले, जे मी दोन पानी पत्राने परत पाठवले होते. घरी नाही.

कागद घेऊन ती ओट्यावर गेली आणि तिने तो सासूपुढे धरला. म्हातारीने सूप खाली ठेवले. तिला वाचता येत नव्हते आणि दिसतही नव्हते. तिने कागदावरून तर्जनी फिरवली. पेन दाबून चालवलेले असल्यामुळे रेघ बोटाला लागत असावी. मुख्याध्यापिकांनी तो रकाना तिला वाचून दाखवला: घरी नाही.

म्हातारीचे बोट रेघेवर थांबले. तिने काहीतरी विचारले.

"विचारते, या रेघेखाली काय आहे?" मुख्याध्यापिकांनी मला नेहमीच्याच इंग्रजीत, पण इतक्या हळू सांगितले, की त्या आवाजाला भाषा उरली नव्हती.

मास्तर पायाकडे पाहत राहिले. अक्षर वाचता आलेच पाहिजे, हा नियम मी नुकताच सांगितला होता, आणि ते अक्षर त्या रेघेखाली स्वच्छ वाचता येत होते.

"सांगा," मी म्हणालो. "सांगा, रेघेखाली माझी चूक आहे. मी लिहायला लावलेला शब्द आहे. तिचा नाही."

मुख्याध्यापिकांनी सांगितले. बराच वेळ सांगितले. मी बोललो त्याहून ते जास्त होते, आणि त्यात मला माझ्याकडे दोनदा वळलेला हात दिसला. म्हातारीने मान माझ्या दिशेने वळवली, पण माझ्या खांद्याच्या जरा उजवीकडे, जिथे मी नव्हतो. मग ती खणखणीत आवाजात एक वाक्य बोलली. त्यावर मास्तर, एवढ्या वेळात पहिल्यांदाच, हसले.

"काय म्हणाली?"

"म्हणते, चूक त्याची, तर त्याची सही कुठाय?"

मी खाली बसलो, ओट्याच्या पायरीवर. दुरुस्तीशेजारी दुरुस्ती करणाऱ्याने सही करायची असते. या एका सहीअभावी मी किती कागद परत पाठवले असतील, त्याची गणती नाही. आणि इथे मी ती विसरलो होतो. बाईने पेन माझ्यापुढे धरले. आद्याक्षरे पुरतात. मी पूर्ण नाव लिहिले, देवनागरीत, आणि खाली तारीख घातली. म्हातारीने कागद परत मागून घेतला, माझ्या नावावरून बोट फिरवले, आणि घडी करून तो कमरेला खोचला. तो तिने ना सुनेला दिला, ना मास्तरांना.

त्या संध्याकाळी त्या ओट्यावर एक चूल पेटली की दोन, हे मला ठाऊक नाही. आम्हाला उजेडात तालुक्याच्या गावी पोचायचे होते आणि व्हॅनचा चालक हॉर्न वाजवत होता. काही वर्षांनी युद्ध पुन्हा त्या गावावरून गेले. गाव उठले. मास्तरांचे फॅक्स थांबले. मी ज्यांना ज्यांना लिहिता येईल त्यांना त्या दोघींविषयी लिहिले, रजिस्टर्ड आणि साध्याही टपालाने. दोन ठिकाणांहून पोच आली; उत्तर नाही.

हिरव्या फाइलीत त्या अर्जाची फॅक्सवर आलेली प्रत आहे, दुरुस्तीच्या आधीची. तिच्यावर 'मयत' हा शब्द अजून रेघेशिवाय आहे. दुरुस्त केलेला मूळ कागद म्हातारीच्या कमरेला गेला. सौ. म्हणते, ती प्रत टाकून द्या. ते मला करता येत नाही. आणि मूळ कागद समोर असल्याशिवाय प्रतीत दुरुस्ती करण्याचा अधिकार मला नाही.